‘लास्ट किती?’ विचारणाऱ्यांशी सौदा कसा करायचा

प्रश्न बेळगावच्या टिळकवाडीतल्या एका ताईंचा आहे. मुलाकडे पुण्याला कायमचं जायचं म्हणून घरातल्या चार वस्तू त्यांनी ऑनलाइन विकायला लावल्या: २०१९ ची स्कूटर ४८,००० ला, सागवानी जेवणाचं टेबल सहा खुर्च्यांसकट १६,००० ला, आणि शिवाय फ्रिज आणि प्लायवूडचं कपाट. आठवडाभर फोन वाजतोय, पण बोलणं एकाच धाटणीचं. ‘लास्ट किती?’ ‘२० ला देता काय?’ एकाने फोनवर ४३ ठरवलं आणि दारात येऊन ३५ म्हणाला. ताई विचारतात, मुळात किंमत जास्त लावायला हवी होती का, अशा लोकांना काय उत्तर द्यायचं, आणि आपल्या वस्तूला काही मोलच नाही का?

मी शहापुरात जुन्या सामानाची खरेदी-विक्री करतो. आधी दुकानातून करायचो, आता बरीचशी फोनवरून होते. म्हणजे ताईंना ज्यांचा राग येतो त्या बाजूलाही मी असतो आणि ताईंच्या बाजूलाही असतो.

शेवटचा प्रश्न आधी घेतो. २० म्हणणाऱ्याने तुमच्या स्कूटरचं मोल केलेलं नाही. त्याने ती पाहिलेलीच नाही. बेळगाव, खानापूर, हुक्केरी, संकेश्वर जिथे जिथे स्कूटर दिसली तिथे त्याने तोच मेसेज पाठवलाय. तीस जणांत एखादा अडलेला निघाला की त्याचं काम झालं. मेसेज पाठवायला त्याला दमडी लागत नाही, म्हणून तो आकडाही दमडीचाच. न बघता सांगितलेली किंमत ही किंमत नव्हे, एवढं मनाशी धरलं की निम्मा ताप तिथेच उतरतो. राहिलेला निम्मा ताप आपण ओढवून घेतो, कारण आपण मेसेजवर भाव करायला बसतो. भाव वस्तूसमोर उभं राहून होतो. फोनवर फक्त माणूस वस्तूसमोर आणायचा.

आता कमी भाव सांगणारे सगळे एका माळेचे मणी नसतात. गळ टाकून बसणारा एक झाला. दुसरा माझ्यासारखा व्यापारी. तुमच्या टेबलाला मी ६,००० म्हणालो तर तुम्ही फोन आपटाल, पण माझा हिशोब ऐका. ते टेबल पॉलिश करून मी १४,००० ला विकेन असं धरा. छोटा हत्ती टेम्पो आणि दोन हमाल मिळून येता-जाता हजार रुपये. पॉलिश आणि दोन खुर्च्यांचे सांधे घट्ट करणं, दोन हजार. ते गोदामात कधी दोन महिने तर कधी सहा महिने उभं राहणार, त्या जागेचं भाडं आणि माझी मिळकत धरून तीन हजार. उरले ८,०००. म्हणजे मला आठच्या वर जाताच येत नाही, आणि सुरुवात मी सहानेच करणार. याला तुम्ही लूट म्हणा, पण हा घाऊक भाव आहे. ज्याला टेबल स्वतःच्या घरात जेवायला हवंय तो १३-१४ देईल, पण तो शोधेपर्यंत थांबायची तयारी तुमची हवी. पुण्याचं तिकीट काढून झालं असेल तर व्यापाऱ्याचा फोन तोडू नका.

तिसरा खरा गिऱ्हाईक. त्याला वस्तू हवीच आहे आणि तरीही तो घासाघीस करतो, कारण आपल्याकडे तशी रीतच आहे. खडेबाजारात साडी घेताना पहिल्या भावाला आपणही ‘काय तरीच काय ओ’ म्हणतोच की. त्याच्या ‘कमी करा की ओ’ला किंवा बैलहोंगल-सौंदत्तीकडच्या माणसाच्या कन्नड ‘कडिमी माड्री’ला रागावणं म्हणजे आलेलं गिऱ्हाईक घालवणं. चौथा दारात येऊन पाडणारा, आणि पाचवा अजिबात भाव न करणारा. त्या पाचव्याबद्दल शेवटी सांगतो, कारण या सगळ्यांत मला भीती वाटते ती त्याचीच.

किंमत जास्त लावावी का? थोडी. शंभरात दहा-पंधरा एवढी जागा ठेवा, त्याहून जास्त नको. निम्म्यात मागतात म्हणून दुप्पट लावली की खरे गिऱ्हाईक फोनच करत नाहीत, आणि गळ टाकणारे तर तेव्हाही येतातच. शिवाय बहुतेक ठिकाणी लोक किमतीची मर्यादा घालून शोधतात. ५०,५०० लिहिलंत की ‘५०,००० पर्यंत’ शोधणाऱ्याला तुमची गाडी दिसणारच नाही. तुमचा ४८ चा आकडा त्या दृष्टीने बरोबर आहे.

मात्र भाव ठरवताना दुसऱ्यांच्या जाहिराती बघून ठरवू नका. जे अजून दिसतंय ते त्या भावात विकलं गेलेलं नाही, म्हणूनच दिसतंय. गेल्या महिन्यात कोणाची गाडी कितीला गेली ते गॅरेजवाल्याला विचारा. आणि आपल्या वस्तूवर आपला जीव असतो, याचीही वजावट करा. १९९० साली कानेमन, नेट्श आणि थेलर या अभ्यासकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. वर्गातल्या निम्म्या जणांना साधे कॉफीचे मग वाटले आणि नंतर कोण कितीला विकेल, कोण कितीला घेईल ते विचारलं. हातात मग आलेल्यांनी सांगितलेली किंमत घेणाऱ्यांच्या किमतीच्या दुपटीहून जास्त भरली. तो मग हातात येऊन काही मिनिटंच झाली होती. तुम्ही तर त्या टेबलावर अर्धा संसार केलाय.

चारही वस्तूंना एकच मोजमाप लावू नका. सागवान वेगळं. दांडेलीच्या बाजूचं जुनं पिकलेलं लाकूड असेल तर त्याला लाकूड म्हणूनही किंमत येते, आणि ते खोलून पुन्हा जोडता येतं. प्लायवूडच्या कपाटाचं तसं नाही. त्यातही भुसा दाबून केलेलं बोर्ड असेल तर एकदा काढलेला स्क्रू पुन्हा त्याच भोकात धरत नाही. दुसऱ्या घरात ते कपाट डुगडुगणार हे घेणाऱ्याला ठाऊक असतं. त्याला ३,००० कोणी म्हणालं तर वाईट वाटून घेऊ नका, त्याच दिवशी द्या. फ्रिजचं मोल कंप्रेसरवर. बिल, किती लिटरचा आहे ते, आणि दारावरच्या स्टार लेबलवर कोणत्या सालाचं रेटिंग छापलंय ते, या तिन्हींचे फोटो लावा. ‘चालू कंडिशन’ हे शब्द लोक वाचतसुद्धा नाहीत.

जाहिरातीत जेवढं जास्त स्पष्ट तेवढे फुकटचे फोन कमी. टेबलाची लांबी-रुंदी फुटांत लिहा. कुठल्या मजल्यावर आहे, लिफ्ट आहे का, तेही लिहा, नाहीतर दारात आल्यावर जिन्याचे पाचशे तुमच्याच किमतीतून जातील. स्कूटरवर ओरखडा असेल तर त्याचाच फोटो दुसरा लावा. जे आधी दाखवलंय त्यावर दारात येऊन भाव पाडता येत नाही. विकण्याचं कारण लिहा, पण जायची तारीख मात्र लिहू नका. ‘अर्जंट’ हा शब्द म्हणजे व्यापाऱ्यांना आमंत्रण.

आपल्या भागाची आणखी एक गोष्ट. २०१४ च्या १ नोव्हेंबरला गावाचं सरकारी नाव Belgaum चं Belagavi झालं, पण लोक आजही दोन्ही स्पेलिंगांनी शोधतात, म्हणून इंग्रजीतली दोन्ही नावं टाका, आणि देवनागरीत बेळगावही. खाली चार ओळी कन्नडमध्ये घाला: माप, किंमत, मजला, भेटायची वेळ. शेजारच्या कुठल्याही पोराला सांगितलं तर पाच मिनिटांत टाइप करून देईल. गोकाक, बैलहोंगल, चिक्कोडीकडचा माणूस कन्नडमध्ये ‘लास्ट एष्टु री?’ म्हणतो तेव्हा कित्येकदा बाकीची जाहिरात त्याला वाचताच आलेली नसते. महाराष्ट्र-कर्नाटक सीमेचा दावा २००४ पासून सुप्रीम कोर्टात आहे, तो तिथेच राहू दे. टेबल कुठल्या भाषेच्या घरात गेलं तरी पैसे तेवढेच.

आता उत्तरं. ‘लास्ट किती?’ याला आकडा द्यायचाच नाही. आकडा दिलात की ती तुमची नवी सुरुवातीची किंमत झाली आणि दारात त्याच्याही खाली ओढाओढ. एवढंच लिहा: ‘वस्तू बघा, मग बोलू. शनिवारी संध्याकाळी ५ ते ७ घरी आहे. येणार असाल तर कळवा.’ दहातले आठ इथेच गळतात. जो वेळ विचारतो, पत्ता विचारतो, ‘आरसी कोणाच्या नावावर’ विचारतो, तो गिऱ्हाईक. ‘२० ला देता काय?’ याला ‘नाही जमणार, धन्यवाद’, आणि विषय संपला. किती हौसेने घेतली, किती कमी चालवली, हे त्याला सांगत बसू नका. जितकं समजावाल तितकं तुम्ही गरजू दिसता. टोमणाही मारू नका. असाच एखादा पंधरा दिवसांनी ४० घेऊन परत येतो, हे मी पुष्कळदा पाहिलंय.

सगळ्यात महाग पडतं ते मधलं गाठणं. तुम्ही ४८, तो २०, मग ‘जाऊ दे, मधलं करू’ म्हणजे ३४. तोच माणूस ४० पासून बोलला असता तर मधलं ४४ आलं असतं. खालून सुरुवात करणाऱ्याचं सगळं गणित या ‘मधल्या’वर चालतं. म्हणून त्याच्या आकड्याकडे बघून उतरायचंच नाही. आपल्या आकड्यावरून उतरायचं, तेही पायरी लहान करत: ४८, मग ४६, मग ४५, मग साडेचव्वेचाळीस. पायऱ्या लहान होत गेल्या की तळ जवळ आला हे समोरच्याला न सांगता कळतं. आणि तळ आदल्या रात्री ठरवून कागदावर लिहून ठेवा. चहा पाजता पाजता तळ ठरवणारा माणूस हमखास बुडतो.

समूहात किंवा जाहिरातीखाली, सगळ्यांना दिसेल असा भाव करू नका. जनावरांच्या बाजारात व्यापारी रुमालाखाली हात घालून बोटं दाबून भाव करतात, शेजारच्याला आकडा कळू नये म्हणून. तेच इथे. एकाला उघड ४५ म्हणालात की वाचणाऱ्या प्रत्येकाची बोली ४५ च्या खालून सुरू.

दारात पाडणाऱ्याबद्दल. फोनवर ४३ ठरलेला माणूस दारात ३५ म्हणतो, कारण त्याने तुमची तयारी पाहिलेली असते: गाडी धुऊन ठेवलीय, कागद काढून ठेवलेत, घरात खोकी बांधलीत. आता ही बाई नाही म्हणणार नाही, असा त्याचा कयास. त्यावर उपाय असा की, फोनवरच सांगायचं, ‘वस्तू लिहिल्यासारखी निघाली तर भाव बदलणार नाही, चालत असेल तरच या.’ आल्यावर त्याने खरी खोट दाखवली, समजा मागचा टायर गुळगुळीत आहे, तर नव्या टायरचे पैसे कमी करा. तेवढेच. ‘मॉडेल जुनं आहे ओ’ ही खोट नव्हे, ते त्याला घरून निघतानाही माहीत होतं. मग ‘राहू दे मग, पाणी घ्या’ म्हणा आणि खरंच उठा. अर्धे जण चप्पल घालता घालता ४२ वर येतात. आणि तोंडावर नाही म्हणवत नसेल तर ‘मुलाला विचारून संध्याकाळी सांगते’ म्हणा. प्रत्येक पेढीवर एक न दिसणारा थोरला भाऊ असतो, त्याला विचारल्याशिवाय मालक कमी करत नाही. तुमचा मुलगा पुण्यात आहे, त्याचा हा उपयोग.

कोणी ‘घेतो, पण रविवारी नेतो’ म्हणाला तर बघून झाल्यावर थोडा इसार घ्या, पाचशे-हजार. इसार न देणाऱ्यासाठी वस्तू अडवून ठेवू नका, दुसऱ्याला दाखवत राहा.

स्कूटरच्या बाबतीत मात्र सीमेपलीकडचा माणूस कमी मागतो त्यात तथ्य असतं. चंदगड किंवा गडहिंग्लजच्या गिऱ्हाइकाला केए २२ ची गाडी नेऊन कायमची ठेवायची तर बेळगाव आरटीओची ना-हरकत (एनओसी) हवी, म्हणजे फॉर्म २८. मग तिकडे महाराष्ट्राचा टॅक्स आणि एमएच ०९ चा नंबर. दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांहून जास्त ठेवायची तर नवी नोंदणी कायद्यानेच लागते. गोव्याचंही तसंच. त्याचे पैसे आणि हेलपाटे तो तुमच्या किमतीतून वजा करणारच. पण त्याच्यापेक्षा तुमचा धोका मोठा आहे. गाडी गेली आणि नाव तुमचंच राहिलं, तर उद्याच्या अपघाताची भरपाई कागदावरच्या मालकाकडे मागितली जाते. २०१८ च्या एका निकालात सुप्रीम कोर्टाने नेमकं हेच सांगितलं, मधे गाडी कितीही हातांतून फिरली असली तरी. म्हणून मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर खरेदीदाराचं नाव आणि तारीख घालूनच सही करा. कोरे सही केलेले फॉर्म व्यापाऱ्याच्या हातात देऊ नका, मी मागितले तरी. विक्रीची खबर राज्यातल्या राज्यात १४ दिवसांत आरटीओला द्यायची असते, बाहेरच्या राज्यात गाडी गेली तर मुदत ४५ दिवसांची. कर्ज काढून घेतली असेल आणि फिटलं असेल, तर फॉर्म ३५ आणि बँकेचं पत्र देऊन आरसीवरचं बँकेचं नाव आधी काढा. तेवढ्यावरून सौदे मोडतात. माझा सरळ सल्ला, अनगोळचा माणूस दोन हजार कमी देत असेल आणि ‘सोमवारी तुमच्याबरोबर आरटीओत येतो’ म्हणत असेल, तर ‘एनओसी नंतर बघू’ म्हणणाऱ्याला सोडून त्यालाच द्या.

वेळेचंही बघा. कॉलेजं उघडताना पोरं खोल्या घेतात, तेव्हा फ्रिज, खाट, छोटं टेबल झटपट जातं आणि घासाघीसही कमी होते. आषाढात आपल्याकडचा पाऊस म्हणजे उघड्या टेम्पोत सागवान न्यायला कोणी तयार होत नाही. दसरा-दिवाळीला लोक नवं घेतात आणि सगळ्यांचं जुनं एकदम बाजारात येतं, तेव्हा भाव पडतो. लग्नसराईवर भरवसा ठेवू नका, नव्या संसारात जुनं फर्निचर नेणं घरच्या म्हाताऱ्यांना खपत नाही.

आता तो पाचवा. भाव करत नाही, गाडी बघायला येत नाही, ‘४८ फायनल, मला चालेल’ म्हणतो. आठवडाभर वीस-पंचवीस ऐकून विटलेल्या माणसाला हा देवासारखा वाटतो, आणि तो नेमक्या अशाच माणसाला शोधत असतो. बहुतेकदा तो सांगतो, मी फौजी आहे, बदली झालीय, येता येत नाही, माझा माणूस गाडी न्यायला येईल. वर्दीतला फोटो आणि ओळखपत्र पाठवतो. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र ज्या गावात आहे, जिथे गल्लीगल्लीत कोणाचा ना कोणाचा पोरगा पलटणीत आहे, तिथे या फोटोवर कोण संशय घेणार? मग तो क्यूआर कोड पाठवतो, ‘स्कॅन करून पिन टाका, पैसे जमा होतील.’ यूपीआयचा पिन पैसे देताना लागतो, घेताना कधीच लागत नाही. पिन टाकलात की तुमच्या खात्यातून गेले. दुसरा प्रकार म्हणजे पैसे पाठवल्याचा खोटा स्क्रीनशॉट, वर ‘चुकून ५,००० जास्त गेले, परत करा ना ताई.’ त्याच्या फोनचं चित्र बघू नका, आपल्या बँकेच्या ॲपमध्ये शिल्लक बघा, आणि गाडीची किल्ली त्यानंतरच. पैसे गेलेच तर त्याच घटकेला सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन करा. जितक्या लवकर कळवाल तितकी पुढच्या खात्यात पैसे गोठवले जाण्याची शक्यता जास्त.

दारात येऊन, टायर दाबून, ‘काय ओ एवढं’ म्हणून पंधरा मिनिटं डोकं खाणारा माणूस निदान खरा असतो.

तुमच्यापुरतं म्हणाल तर फ्रिज आणि कपाट एकाच व्यापाऱ्याला एकत्र द्या. दोन्ही मिळून भाव ठरवा, म्हणजे कपाट तो फुकटात मागणार नाही. दोन-तीन व्यापाऱ्यांना वेगवेगळ्या वेळी बोलवा आणि रोख कोण देतो ते बघा. स्कूटर स्वतः विका, ४८ तसेच राहू द्या, तळ ४२ धरा. आणि टेबलाला वेळ द्या. दोन आठवड्यांत फोन नाही आला तर लगेच किंमत उतरवू नका, आधी फोटो बदला. आत्ताच्या फोटोत त्यावर मेणकापड आहे, लाकूड कुठे दिसतंय?